पळवलेली नावं

१८ फेब्रुवारी

आज सकाळी दुकान उघडण्याआधी देवळात गेलो आणि गावदेवीपुढे बसून सगळी नावं एकदा मोठ्याने वाचली. पुजारी आंघोळीला गेला होता, म्हणून लाज वाटली नाही. वाचायला बराच वेळ लागला. नामाचं नाव दोनदा वाचलं. तो दिवाळीनंतर गेला. पण बांधाला चिखलाची ढेप त्याने उचलली होती, म्हणून त्याचं नाव राहणार.

ही नावं बांधाची. गेल्या श्रावणात अमावास्येच्या उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. बैलगाडी आडवी जाईल एवढी खांड पडली होती. सरकारी माणसं येऊन मोजमाप घेऊन गेली. खांड गावाने भरली. ओहोटी असेल तेवढा वेळ काम, भरती आली की मागे. चिखलाची ढेप हातोहात पुढे जायची. आमच्याकडची रीत अशी की देणारा घेणाऱ्याचं नाव घेतो, घेणारा ‘दे’ म्हणतो, मगच ढेप सुटते. नाव न घेता दिलेली ढेप बांधाला धरत नाही, असं जुनी माणसं सांगतात. मी कधी रांगेत होतो, कधी कॅमेरा घेऊन बांधावर. मी रांगेत असलो की कॅमेरा बायकोकडे, कल्पिताकडे. लग्नात हार घालताना नवरानवरीने मान वर करावी म्हणून ओरडायची माझी सवय. इथे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

फिल्मची कल्पना जीवनची. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. दोघांचेही बाप मिठागरात होते. आता त्याचे ट्रेलर बंदरात चालतात आणि माझं फाट्यावर फोटोचं दुकान आहे, पण गावात आल्यावर तो पहिला माझ्याकडे थांबतो. म्हणाला, “अंबा, चैत्राच्या जत्रेला पडद्यावर दाखवू. शेवटी सगळ्यांची नावं. एकाचं पण राहिलं न्हाय पायजे.” हे तो देवीच्या पायरीवर हात ठेवून बोलला. मी शब्द मागितला नसताना.

२१ फेब्रुवारी

लग्नाच्या फिल्ममध्ये नावं असतात तरी किती? वर, वधू, दोन्हीकडचे आईबाप, ‘आपले नम्र’. इथे चारशेच्या वर आहेत. सगळी एका टायटलमध्ये टाकून खालून वर सरकत जातील असं लावलं. निम्म्यापर्यंत नीट, आणि पुढे नुसता काळा पडदा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. या सॉफ्टवेअरमध्ये एका टायटलची उंची ठरलेली दिसते. त्याच्या पलीकडचं ते कापून टाकतं आणि कापलं असं सांगतही नाही.

कल्पिता चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. म्हणाली, “वरची आळी आली नि खालची आळी गायब. आपल्या जत्रेतल्या प्रसादासारखंच झालं की.”

तिच्या बोलण्यावरूनच सुचलं. प्रत्येक आळीचं वेगळं टायटल केलं आणि एकामागे एक असं जोडलं की सांधा दिसू नये. जुळायला दुपार गेली. आधी खालची आळी लावली.

२ मार्च

आज एक गोष्ट नीट कळली. इथे नावांना स्वतःचा वेग नसतो. क्लिप जेवढी लांब ओढावी तेवढी नावं सावकाश चालतात. आखूड केली की पळतात. म्हणजे नाव वाचता येणार की नाही, हे त्याच्या मागे आपण किती जागा सोडतो त्यावर आहे.

मग किती सोडायची? बांधावरचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. “रंगू!” “दे.” “सदू!” “दे.” एका हाकेपासून दुसऱ्या हाकेपर्यंत जेवढा वेळ, तेवढा वेळ एका नावाला दिला. ती हाकच खाली आवाज म्हणून लावली. सगळी मिळून आठेक मिनिटं झाली. पहिल्यांदा सलग बघितलं तेव्हा पडद्यावर कोणी माणूस नव्हता, तरी सगळी रांग दिसली.

५ मार्च

कृष्णाबाई दुकानात आली. तिचं घर बांधाला लागून. फुटलेला बांध पहिल्यांदा तिनेच पाहिला आणि उघड्या पायांनी गावभर हाका मारत फिरली. म्हणून तिचं नाव शेवटी ठेवलंय. सरकणाऱ्या नावांत पहिलं नाव सगळ्यात आधी निघून जातं. शेवटचं पडद्याच्या मध्यावर येऊन थांबतं. त्या जागेचा मान तिचा.

तिला वाचता येत नाही. प्रौढवर्गात एवढं एकच शिकली, स्वतःचं नाव. ते तिने माझ्या बिलबुकाच्या पाठीवर काढून दाखवलं, पेन मुठीत धरून: क्रुश्नाबाय.

“येवडा आला का मी वलखीन. माजा नाव कवा येल?”

“सगळ्यात शेवटी, मावशी. आणि थांबेल.”

“शेवटी कशाला रं? पंगतीत पन मना शेवटीच बसवतात.”

“हे थांबणार आहे. बाकीची निघून जातील.”

“मंग बरा,” म्हणाली. जाताना काउंटरवर चिंचांची पुडी ठेवून गेली.

नाव टाइप करताना मी थांबलो. गुरुजींनी शुद्धलेखनासाठी तळहातावर मारलेल्या पट्ट्या आठवल्या. चारचौघांत म्हातारीचं हसं नको, म्हणून ‘कृष्णाबाई’ असं लिहिलं. मतदार यादीतही तसंच आहे.

११ मार्च

जीवन आला होता. बरोबर पुतण्या सुजित. पनवेलला पुढाऱ्यांचे व्हिडिओ करतो, हुशार आहे. जीवनने फिल्म बघितली. बांध बुजला तिथे डोळे पुसले. मग नावं सुरू झाली. थोड्या वेळाने त्याने घड्याळ बघितलं.

“किती चालनार रं ही?”

“सगळी होईपर्यंत.”

हसला. “ड्रोनचा शॉट जरा वाढव ना. मी बांधावर उभा हाय तो. तेवढ्यात मागची सगळी खार दिसते.” खाडीकाठची भातजमीन, आमची खार, खरंच सुंदर दिसते तिथून. वाढवला.

मी त्याला शेवटच्या नावाचं समजावून सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, “शेवटचं नाव थांबतं म्हनतोस?” बराच वेळ पडद्याकडे बघत होता. आपला मित्र एवढ्या बारकाईने बघतो याचं बरं वाटलं.

जाताना म्हणाला, फिल्म नुसती देऊ नकोस, पूर्ण प्रोजेक्टच दे, सगळे तुकडे सुटे असतात ती फाइल. सुजित सुरुवातीला जत्रेच्या कमिटीचं बोधचिन्ह टाकेल. दिला.

कल्पिता म्हणाली, “पोराला बोधचिन्ह टाकायला अख्खं घर कशाला उघडून द्यायचं?” तिला जीवन पहिल्यापासून आवडत नाही. आमच्या लग्नात तो वरातीत नाचला नाही, एवढ्यावरून.

१३ एप्रिल

काल जत्रा झाली.

पालखी देवळात परत आल्यावर, तिन्हीसांजेला शाळेच्या मैदानात पडदा लावला. जिल्ह्याहून कोणी मोठे पाहुणे आले होते, त्यांना पुढे सोफे. गाव खाली सतरंजीवर. फिल्म सुरू झाली तसे सगळे पडद्याकडे बोटं दाखवायला लागले. स्वतःला ओळखायला लागले. “अरे, सदूचा टक्कल बघ!” “तुझा पॉट बघ आधी!”

मध्येच जीवनचं भाषण होतं, मी न घेतलेलं. मागे तीच खार. ठीक आहे, कमिटीचा अध्यक्ष आहे तो.

मग नावं आली. आली म्हणजे काय, खालून वर पांढऱ्या रेघा गेल्या. कापडावरून पाणी जावं तशा. लोक माना वर करून बघत होते. कोणी पुढे सरकलं. “आता आला ना माजा?” “कय आला?” “परत लावा, परत!” तोवर संपलं. हाकांच्या जागी ढोलताशा होता. आणि पडद्यावर दोन ओळी थांबल्या.

संकल्पना व मार्गदर्शन: मा. जीवन मोकल
छायाचित्रण व संकलन: अंबाजी गावंड

थांबल्या त्या किती तरी वेळ.

कृष्णाबाई माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसली होती. नवं पातळ नेसून. म्हणाली, “काय रं गेला तो मघाशी, पावसासारका?” तिची सून म्हणाली, “आला, आला नाव तुमचा आत्ते.” म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “मंग मी वलखला कसा न्हाय?”

जीवनने माइक घेतला. “एडिटिंग आमच्या अंबाजीचं. गावचा मानूस हाय, पयलाच प्रयत्न हाय. काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाला.” टाळ्या पडल्या, पण माझ्याकडे कोणी बघितलं नाही. निदान त्याने तरी मला सांभाळून घेतलं.

१६ एप्रिल

तीन दिवस चूक शोधतोय. माझ्या संगणकावर नावं नीट चालतात. रेंडर करताना काही झालं का? प्रोजेक्टर जुना होता का? सुजितच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असली तर क्लिपची लांबी बदलत असेल. जीवनला दोनदा फोन केला, मीटिंगमध्ये होता.

रंगूच्या टपरीवर चहाला गेलो. नेहमी मला बघून न विचारता कप पुढे करतो. आज फडक्याने फळी पुसत राहिला.

मी म्हणालो, “रंगू, नावं जरा जोरात गेली रे.”

“गेली न्हाय, पळवली,” तो म्हणाला.

“हो, वेग चुकला. क्लिप आखूड...”

“अंबाजीशेट, पळवली म्हनतोय मी. आमची पळवली नि आपली थांबवली.”

चहा न पिता परत आलो. शब्द तोच आहे. तीन दिवस गाव तो मला म्हणत होतं आणि मी त्याचा भलताच अर्थ घेत होतो. मला वाटत होतं, ते वेगाचं बोलतायत.

१७ एप्रिल

देवळात गेलो. देवीसमोर बसलो, पण मागणं सुचेना. ज्या जागी बसून नावं वाचली होती, तिथे आज कोणीतरी नारळ फोडला होता. पाणी सांडलेलं होतं. पुसून घेतलं आणि निघालो. पुजारी म्हणाला, “ऱ्हाऊ दे, मी करतो.” एरवी गप्पा मारतो. आज एवढंच.

२१ एप्रिल

दुपारी सुजित आला. जीवनने पाठवला होता, बांधावरचं सगळं मूळ चित्रण पाहिजे म्हणून. पुढच्या प्रचारात कामाला येईल, म्हणाला. कसला प्रचार, ते मी विचारलं नाही. जिल्हा परिषदेचं तिकीट जीवनच्या डोक्यात आहे, हे गावात पोराटोरांना ठाऊक होतं म्हणे. मला तेवढं ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, “सुजित, बाबा, एक सांग. माझी क्लिप तुझ्याकडे आपोआप आखूड झाली का? कुठे चुकलो ते कळू दे, पुढे सांभाळीन.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “काका, तुम्हाला माहीत न्हाय?”

“काय?”

“आपोआप कशी होईल? आठ मिनिटं होती ती. जीवनकाकांनी सांगितलं, अर्ध्या मिनिटात बसव. भाषणाला जागा पाहिजे होती, पाहुण्यांना पण निघायचं होतं. मी म्हटलं, वाचता येनार न्हाय. तर बोलले, वाचायला कोन बसलाय?”

“आणि माझं नाव? मी तर टाकलंच नव्हतं.”

“ते पण काकांनीच सांगितलं. बोलले, एकट्याचं बरं दिसत न्हाय, खाली अंबाचं टाक.”

त्याला मूळ चित्रण दिलं नाही. पंखा बंद करायचं विसरून दुकान ओढून घेतलं. कल्पिताला सांगितलं तेव्हा वाटलं, बोलेल, मी सांगत होते म्हणून. बोलली नाही. तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, “जेवून घ्या आधी.” त्यानेच जास्त लागलं.

२२ एप्रिल

जीवनच्या घरी गेलो. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, कृष्णाबाईच्या तब्येतीचीही चौकशी केली. मी सरळ विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही. नाही म्हणाला असता तर मी अजूनही विश्वास ठेवला असता, अशी भीती वाटते.

“अंबा, नावं सगळी हायत ना त्यात? एक पन काढलं का मी?”

“वाचता आलं का कोणाला?”

“देवीसमोर मी काय बोललो? एकाचं पन राहनार न्हाय. राहिलं का? वाचता येतील असं बोललो होतो का मी?”

एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांचे शब्द असे कधी मोजले नव्हते.

“माझं नाव का थांबवलंस?”

“तुझा मान हाय तो.”

“लोक मला चोर म्हणतात, जीवन. आणि तू माइकवर माझं नाव सांगितलंस.”

तो पुढे झुकला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शाळेत पेपर अवघड गेला की ठेवायचा, तसाच. “हे बघ. तुझ्यावर रागावले तर चार दिवसांत विसरतील. माझ्यावर रागावले तर पाच वर्षं गेली. एवढं तू माझ्यासाठी सोसशील, म्हनून तर बिनधास्त केलं. दुसऱ्याकडून करून घेतलं असतं का मी?”

हे तो प्रेमाने बोलला. खोटं वाटलं नाही, आणि तेच वाईट. त्याने मला परका समजून फसवलं नाही. आपला समजून फसवलं.

पाणी प्यायलो नाही. ते त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

२४ एप्रिल

घरोघर जाऊन सांगावं का, की मी नाही केलं? काल दोन घरांच्या अंगणापर्यंत जाऊन परतलो. काय सांगणार? जीवनने केलं, मी नाही? मग माझ्या तोंडीही जीवनचंच नाव राहणार. आणि त्यांना त्यांचं नाव काही मिळणार नाही.

दुसरी गोष्ट मनातून जात नाही. त्या म्हातारीने विचारलं होतं, मी ओळखलं कसं नाही. वेगाचं सोडा. जीवनने काही केलं नसतं, नाव मध्यावर येऊन थांबलं असतं, तरी तिने ओळखलं नसतं. तिला वाचता येणारं एकच नाव मी शुद्ध करून टाकलं होतं. तिचं हसं होऊ नये म्हणून. मीही तिला आपलीच समजत होतो.

बिलबुक उघडलं. पाठीवर तिचं अक्षर आहे, क ला र चिकटलेला, श जरा वाकडा.

२७ एप्रिल

नावं पुन्हा केली. जे लिहू शकतात त्यांच्याकडे गेलो आणि एवढंच म्हणालो, तुमचं नाव तुम्ही लिहून द्या. रंगू आधी तयार होईना.

“आता आनि कय पळवनार?”

“कुठेच नाही. माझ्या दुकानातच राहील.”

त्याने साखरेच्या कागदावर लिहून दिलं. मग चहाचा कप पुढे केला.

लोक स्वतःला लिहितात तसं आम्ही त्यांना कुठेच लिहीत नाही. सदूने सदानंद लिहिलं. मला वाटायचं सदाशिव. एका बाईने नवऱ्याचं नाव गाळून आईचं लिहिलं, माझ्याकडे बघून हसली आणि ‘चालल का?’ म्हणाली. चालेल म्हटलं.

माझं नाव रांगेत जिथे उभा होतो तिथे घातलं. सदूच्या नंतर, जीवनच्या आधी. तो पहिल्या दिवशी खरंच उभा होता. पांढरा शर्ट चिखलाने भरला होता. मी त्याचं नाव घेतलं होतं आणि तो ‘दे’ म्हणाला होता. ते काढणं माझ्या हातात नाही. देवीसमोर नावं वाचली तेव्हा ते त्यात होतं.

३० एप्रिल

आज अक्षयतृतीया. सकाळी देवीला फूल वाहून दुकान उघडलं. दर्शनी काचेतला मोठा टीव्ही, ज्याच्यावर मी लग्नं लावून ठेवतो, तो रस्त्याकडे वळवला. समोर रिक्षाचा थांबा आहे, तिथे माणूस उभा राहतोच. फिल्म नाही, भाषण नाही, संगीत नाही. फक्त नावं, ढेपेच्या चालीने, आणि खाली हाका. स्पीकर काचेबाहेर टांगला. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिला माणूस थांबला तो रिक्षा पकडायला. रिक्षा गेली तरी उभा राहिला. मग दोघं झाली, मग बाजारच्या पिशव्या घेऊन बायका. कोणी माझ्याशी बोललं नाही. एकमेकांशी बोलत होते. “हा आला बग तुजा.” “नामाचा पन हाय रं.” दुपारी रंगूने टपरीवरचं बाकडं उचलून काचेसमोर आणून ठेवलं.

चारच्या सुमारास जीवनची गाडी आली. उतरून सरळ आत आला. बाहेर लोक होते म्हणून आवाज खाली होता.

“अंबा, बंद कर ते. लोक काय समजतील?”

“नावं आहेत फक्त. एकही काढलेलं नाही.”

“मी हात जोडतो.”

“तुझं पण आहे, जीवन. बाहेर जाऊन उभा राहा. आळी संपत आली, आता येईल.”

तो गेला. बाकड्यावरच्यांनी सरकून त्याला जागा केली, हे मी काचेतून पाहिलं. तो बसला नाही. “अंबाजी!” “दे.” माझ्याच आवाजात पुढची हाक आली, “जीवन!” आणि त्याचा जुना, धाप लागलेला, हसरा आवाज रस्त्यावर ऐकू आला, “दे.” तोवर गाडी फाट्यावरून वळली होती.

कृष्णाबाई उन्हं उतरल्यावर आली. सुनेला बाकड्यावर बसवलं, स्वतः उभीच राहिली, कपाळावर हात धरून. नावं येत होती, जात होती. मी काउंटर सोडून बाहेर आलो, पण तिला काही सांगितलं नाही.

शेवटी तिच्या हातचं अक्षर आलं, तसंच वाकडं, आणि काचेच्या मध्यावर थांबलं.

तिने ते बराच वेळ बघितलं. हाक आली. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “दे.”